हिमनद्यांचा जमाखर्च

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गाचे भूगोलाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांचा तास आम्हीच घेतला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की वर्गावर जाण्याचे प्रसंग विरळ होतात. शिवाय आमचा विषय मराठी. तेव्हा भिंतीवर जगाचा जुना नकाशा टांगावा, ‘पांढरा रंग म्हणजे बर्फ, आणि जिथे थंडी अधिक तिथे बर्फ अधिक’ एवढे सांगावे आणि घंटेची वाट पाहावी, असा आमचा साधा बेत होता.

मागच्या बाकावरील एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, “सर, सायबेरियात माणसे राहतात त्या गावांपैकी सर्वांत थंड गावे आहेत, असे मागच्या धड्यात होते. पण नकाशात सायबेरिया पांढरा नाही. आणि आफ्रिकेत विषुववृत्ताजवळ मात्र पांढरे ठिपके आहेत.”

आम्ही नकाशाजवळ जाऊन पाहिले. मुलगी म्हणत होती ते खरे होते. उत्तर ठाऊक नसलेला शिक्षक जे करतो तेच आम्ही केले. “नकाशा जुना आहे, छपाईत चूक झाली असेल,” असे सांगून तिला खाली बसविले. वर्ग हसला. मुलगी मुकाट्याने बसली. पण तिचे समाधान झाले नव्हते हे आम्हांला दिसत होते, आणि घरी येईपर्यंत आमचेही झाले नव्हते. पुढले काही आठवडे आम्ही ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चूक नकाशाची नव्हती, आमची होती. हिमनदी केवळ थंडीने होत नाही. ती होते हिमाच्या शिलकेने. हिवाळ्यात जेवढे हिम पडते तेवढे उन्हाळ्यात वितळले नाही, तर थोडे मागे उरते. पुढल्या वर्षी त्यावर आणखी थर बसतो. खालचे थर वरच्या भाराने दाबले जातात, त्यांतील हवा निघून जाते, भुसभुशीत हिमाचे कठीण निळसर बर्फ होते. आणि त्याची जाडी पुरेशी वाढली की स्वतःच्याच वजनाने ते उताराकडे सरकू लागते. हे सरकणे हेच हिमनदीचे लक्षण. साचून राहिलेले बर्फ कितीही असले तरी ते वाहत नसेल तर त्याला हिमनदी म्हणत नाहीत. तेव्हा प्रश्न थंडीचा नसून जमाखर्चाचा आहे. प्राप्ती मोठी असेल तर खर्च बराच असूनही शिल्लक राहते. आणि प्राप्तीच नसेल तर काटकसर करूनही गाठीला काही उरत नाही, हे संसारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

सायबेरियाची गोष्ट नेमकी अशी आहे. ओयम्याकोन या गावी १९३३ च्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली ६७.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. परंतु समुद्राची वाफ तेथवर पोहोचत नाही. वर्षभराचे पाऊस-हिम मिळून सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडील अवर्षणग्रस्त तालुक्याहूनही कमी. आणि उन्हाळा आखूड असला तरी कडक. पारा कधी कधी तीस अंशांवर जातो. हिवाळ्यात जमलेले थोडेसे हिम त्या उन्हाळ्यात संपून जाते. काही पर्वतरांगांवर लहानसहान हिमनद्या आहेत. पण त्या अफाट मैदानात नाहीत. तेथे गोठते ती जमीन, शेकडो मीटर खोलवर. तिच्यात हजारो वर्षांपूर्वीचे मॅमथ सापडतात, पण तिला हिमनदी म्हणता येत नाही.

आता विषुववृत्तावरील ठिपक्यांकडे वळू. येथे आम्हांला एक सोबती भेटला. म्हणजे आमच्यासारखीच चूक केलेले, पण आमच्याहून फार विद्वान लोक भेटले. योहानेस रेबमान नावाचा एक जर्मन धर्मोपदेशक १८४८ च्या मे महिन्यात पूर्व आफ्रिकेतून पायी जात असता त्याला एका प्रचंड पर्वताचा माथा पांढरा दिसला. त्याच्या वाटाड्याने ते थंड असल्याचे सांगितले, आणि रेबमानची खात्री झाली की ते हिमच होय. हा पर्वत म्हणजे किलिमांजारो. त्याचे निवेदन युरोपात छापले गेले तेव्हा लंडनमधील कूली नावाच्या भूगोलपंडिताने ते उडवून लावले. विषुववृत्तापाशी हिम असणे शक्य नाही, प्रवाशाच्या डोळ्यांना भास झाला असावा, असा एकूण सूर. कूली स्वतः त्या पर्वताच्या आसपासही गेलेला नव्हता. पुढे १८६२ साली फोन डेर डेकन हा प्रवासी किलिमांजारोवर बराच उंच चढून गेला आणि हिमाची गोष्ट खरी ठरली.

त्याहून जुनी हकिगत न्यू गिनी बेटाची. १६२३ साली यान कार्स्टेन्स या डच दर्यावर्दीला स्वच्छ हवेच्या दिवशी जहाजावरून बेटाच्या आतील डोंगरांवर हिम दिसले. घरी परतल्यावर त्याचीही थट्टाच झाली. आज त्या शिखराला पुन्चाक जाया म्हणतात. उंची ४,८८४ मीटर. शिक्षकाच्या खुर्चीत बसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोष देण्याची खोड पुरातन आहे, एवढेच आम्ही यावरून घेतले.

उंची वाढली की हवा थंड होते, आणि ज्या उंचीच्या वर वर्षाचा हिशेब शिलकीत राहतो तिला हिमरेषा म्हणतात. विषुववृत्ताजवळ ती सुमारे पाच हजार मीटरवर असते. ध्रुवांकडे जाता जाता खाली येते आणि अंटार्क्टिकाला समुद्राला टेकते. म्हणून टांझानियातील किलिमांजारो, केनियातील माउंट केनिया आणि युगांडा-काँगोच्या सीमेवरील रुवेन्झोरी एवढ्याच ठिकाणी आफ्रिकेत हिमनद्या आहेत. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमधील कायांबे या ज्वालामुखीच्या उतारावरून तर विषुववृत्तच बर्फावरून जाते. उष्ण कटिबंधातील एकूण हिमनद्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या पेरू देशात आहेत. परंतु त्याच अँडीज पर्वताच्या आटाकामा वाळवंटाकडील भागात सहा हजार मीटरहून उंच शिखरेही उघडी आहेत. तेथे थंडी आहे, उंची आहे, पण पडावयास हिमच नाही. सायबेरियाचाच प्रश्न, उभा केलेला.

प्राप्ती मोठी असली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर समुद्रकाठच्या पर्वतांकडे जावे लागते. बेळगावकर वाचकांना आंबोलीचा पाऊस ठाऊक आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर अडतात आणि सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात. तेच ढग बेळगावला पोहोचेपर्यंत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. समशीतोष्ण कटिबंधात पश्चिमी वारे हाच खेळ करतात, फक्त पावसाऐवजी हिम पडते. अलास्का, नॉर्वे, चिली-अर्जेंटिनातील पॅटागोनिया आणि न्यूझीलंडचे दक्षिण बेट, हे चारही प्रदेश असे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रान्झ जोसेफ हिमनदी इतकी खाली उतरते की तिच्या टोकाजवळ घनदाट, नेच्यांनी भरलेले पावसाळी अरण्य लागते. पॅटागोनियातील दक्षिणेचे हिमक्षेत्र बारा हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. आइसलंडचा दहावा हिस्सा बर्फाखाली आहे, आणि त्यातील वात्नायोकुल या हिमाच्या टोपाखाली ज्वालामुखी आहेत; ते जागे झाले की बर्फ वितळून अचानक महापूर येतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर मात्र एकही हिमनदी नाही.

एवढी नावे घेतली, तरी जगाच्या बर्फाच्या हिशेबात ही सारी किरकोळ खाती आहेत. जमिनीवरील बर्फापैकी सुमारे ९९ टक्के दोनच ठिकाणी आहे, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. येथे बर्फ दरीतून वाहत नाही. डोंगर, दऱ्या, पठारे सगळे झाकून ते भूमीवर पसरलेले आहे. पन्नास हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या अशा विस्ताराला हिमस्तर म्हणतात, आणि आज पृथ्वीवर हे दोनच उरले आहेत. ग्रीनलंडचा हिमस्तर सतरा लाख चौरस किलोमीटरचा असून मध्यभागी त्याची जाडी तीन किलोमीटरहून अधिक आहे. त्याच्या कडेवरून हिमनद्या समुद्रात उतरतात आणि त्यांचे तुकडे पडून हिमनग तरंगत जातात. १९१२ साली टायटॅनिक ज्यावर आदळली तो हिमनग ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा असावा, असे मानतात.

अंटार्क्टिकाची गोष्टच निराळी. सुमारे १४० लाख चौरस किलोमीटर बर्फ आणि त्याची सरासरी जाडी जवळजवळ दोन किलोमीटर. त्याच्या वजनाने खालची भूमी दबली आहे. पश्चिम भागात तर खडक कित्येक ठिकाणी समुद्रसपाटीच्या पुष्कळ खाली आहे. व्होस्तोक या केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी शून्याखाली ८९.२ अंश तापमान नोंदले गेले, आणि त्याच केंद्राच्या खाली, सुमारे चार किलोमीटर बर्फाच्या तळाशी, एक गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. गंमत अशी की हे खंड वाळवंट आहे. आतल्या पठारावर वर्षाला पडणाऱ्या हिमाचे पाणी केले तर ते पन्नास मिलिमीटरच्या आसपास भरते. जैसलमेरला याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो. मग एवढे बर्फ आले कोठून? तर प्राप्ती चिंचोक्याएवढी, पण पृष्ठभागावर खर्च जवळजवळ शून्य, आणि ही बचत लक्षावधी वर्षे चाललेली. खर्च होतो तो किनाऱ्यावर. मार्च २००० मध्ये रॉस हिमफळीपासून जो हिमनग सुटला त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर होते. म्हणजे तीन गोवे एकत्र तरंगत निघावेत तसे.

भारताने १९८३-८४ साली तेथे आपले पहिले केंद्र उभारले, ‘दक्षिण गंगोत्री’. नाव सुंदर, पण जागा तरंगत्या बर्फाच्या फळीवरची. दरवर्षी पडणारे हिम वितळेना; केंद्र हळूहळू गाडले गेले आणि १९९० साली ते सोडावे लागले. जमाखर्चाचा हा धडा आमच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष भोगला. त्याआधीच, १९८९ मध्ये, ‘मैत्री’ हे दुसरे केंद्र शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर बांधून झाले होते. हो, अंटार्क्टिकातही उघडे खडक आहेत. तिसरे केंद्र ‘भारती’ २०१२ चे. या साऱ्या मोहिमांची सूत्रे आपल्या शेजारून हलतात: गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व महासागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथे अंटार्क्टिकात छिद्रे पाडून काढलेले बर्फाचे दंडगोल शून्याखाली वीस अंशांच्या खोलीत जपून ठेवले आहेत. बाहेर नारळीच्या झाडांखाली घामाच्या धारा, आणि आत शेकडो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत कोंडलेली. अंटार्क्टिकाच्या अन्य भागांतून शास्त्रज्ञांनी काढलेल्या बर्फातून आठ लाख वर्षांच्या हवामानाची वही वाचता आली आहे.

हे दोन मोठे साठे जेथे आहेत तेथे वस्ती नाही म्हटले तरी चालेल. जेथे माणसांची गर्दी आहे तेथील बर्फ मात्र थोडे. आपल्या हिमालयाची जागा या दुसऱ्या वर्गात. काराकोरममधील सियाचिन ७६ किलोमीटर लांब आहे; ध्रुवप्रदेश वगळता ताजिकिस्तानातील फेडचेंको हीच तिच्याहून किंचित लांब. बाल्टी भाषेत सिया म्हणजे रानगुलाब, आणि १९८४ पासून तेथे आपले जवान उभे आहेत. हिमाचल प्रदेशातील बडा शिगरी, सिक्कीममधील झेमू आणि उत्तराखंडातील सुमारे तीस किलोमीटरची गंगोत्री या आपल्या मोठ्या हिमनद्या. गंगोत्रीच्या देवळापासून अठरा किलोमीटर चालत गोमुखाला गेलेले यात्रेकरू प्रथम निराश होतात. शुभ्र हिमनदीच्या जागी धोंडे-मातीने काळवंडलेला एक उंच, फुटका कडा दिसतो आणि त्याच्या पायथ्यातून करडे पाणी उसळत असते. हे धोंडे हिमनदीनेच वरून वाहून आणलेले.

काराकोरमला हिम मिळते हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे. मध्य व पूर्व हिमालयाला मिळते मुख्यतः पावसाळ्यात. म्हणजे तेथे प्राप्तीचा आणि खर्चाचा हंगाम एकच. हवा थोडी तापली की जे हिम म्हणून पडावयाचे ते पाऊस म्हणून पडते, आणि हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हिमनद्या संपल्या की गंगा आटेल, असे सरसकट लिहिले जाते. मैदानात उतरलेल्या गंगेत पावसाचा वाटा फार मोठा आहे. सिंधूच्या खोऱ्याचे बर्फावरील अवलंबन तिच्याहून कितीतरी अधिक. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या नद्या, म्हणजे घटप्रभा, मलप्रभा, नर्मदा, मुशी, विश्वामित्री, बर्फाच्या एका थेंबाच्याही ऋणी नाहीत. तरीही ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी कडक उन्हाळ्यात वितळणारे बर्फच हिमालयाखालच्या गावांना तारते. ही राखीव गंगाजळी कमी होत आहे. गोमुख १९३५ पासून दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. मागे सरकणाऱ्या हिमनद्यांच्या पुढे तळी साचतात. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे असेच तळे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ते फुटले आणि तिस्ता नदीवरील मोठे धरण वाहून गेले. पुष्कळ माणसे दगावली.

ही दशा केवळ आपली नाही. स्वित्झर्लंडमध्ये आलेच ही आल्प्सची सर्वांत मोठी हिमनदी. तिच्या आसपासच्या दोन गावांतील लोकांनी, हिमनदी वाढून व तळी फुटून होणाऱ्या नाशाने त्रासून, १६७८ साली नवस केला होता की आम्ही सदाचरणाने राहू, पण ही हिमनदी पुढे येऊ देऊ नकोस. शतकानुशतके ती प्रार्थना चालली. हिमनदी मागे हटली. इतकी, की गावकऱ्यांना उलटी काळजी लागली. अखेर नवस फिरविण्यासाठी त्यांनी पोपची परवानगी मागितली आणि २०१० साली ती मिळाली. आता हिमनदी राहो म्हणून प्रार्थना होते.

लहान खाती प्रथम बुडतात. बोलिव्हियातील चाकाल्ताया हिमनदीवर एके काळी लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळत; २००९ साली ती संपली. आइसलंडमधील ओक् हिला २०१४ साली शास्त्रज्ञांनी मृत ठरविले, कारण ती सरकेनाशी झाली. २०१९ मध्ये तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. व्हेनेझुएलाची शेवटची हिमनदी इतकी आक्रसली की २०२४ मध्ये तिचे नाव हिमनद्यांच्या यादीतून निघाले. रेबमानने पाहिलेल्या किलिमांजारोवर १९१२ साली सुमारे बारा चौरस किलोमीटर बर्फ होते; २०११ मध्ये पावणेदोन उरले. कार्स्टेन्सच्या पर्वतावर आता शेवटचे काही तुकडे आहेत. ज्यांचे अस्तित्व पंडितांना पटवावयास इतकी वर्षे गेली, ते ठिपके आता खरोखरच नाहीसे होत आहेत. दोन मोठ्या खात्यांतूनही उचल सुरू झाली आहे. ग्रीनलंड २००२ पासून दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावीत आहे. ते सगळे वितळले तर समुद्र सात मीटरने चढेल. त्यास शतके लागतील हे खरे. पण वास्को किंवा मडगावच्या माणसाला पहिला एक मीटरही पुरेसा आहे.

भूगोलाचे शिक्षक रजेवरून परतल्यावर त्यांची परवानगी घेऊन आम्ही पुन्हा त्या वर्गात गेलो. नकाशा बरोबर होता आणि आम्ही चुकलो होतो, हे प्रथम सांगितले. वर्ग या वेळी हसला नाही. त्या मुलीने ऐकून घेतले आणि लगेच विचारले, “सर, आपल्या सह्याद्रीवर कधी बर्फ होते का?”

या वेळी आम्ही उत्तर तयार ठेवले होते, जरी ते सह्याद्रीचे नसले तरी. कळसूबाई अवघी १,६४६ मीटर; हिमरेषा तिच्या कितीतरी वर. परंतु विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी इरई येथे, चुनखडीच्या खडकाचा पृष्ठभाग गुळगुळीत घासलेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले आढळले. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी ते पाहिले. त्याआधी, १८५६ साली, ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधूंना चिखलात रुतलेल्या मोठ्या गोट्यांचे थर सापडले होते आणि ते बर्फाने आणलेले असावेत, असे त्यांनी म्हटले होते. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका ही सर्व एकत्र जोडलेली होती. गोंडांच्या प्रदेशावरून या खंडाला गोंडवन नाव पडले. तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती आणि तिच्यावर हिमस्तर पसरला होता. इरईचे ओरखडे त्या बर्फाच्या पोटातील दगडांनी काढलेले. बल्लारपूरचा दगडी कोळसा त्याच्या वरच्या थरांतला, बर्फ ओसरल्यानंतर वाढलेल्या अरण्यांचा.

मुलांना तो खडक पाहावयाची फार इच्छा झाली. बेळगावहून चंद्रपूर म्हणजे सहलीला न झेपणारे अंतर. तिकडे आमचे एक दूरचे आप्त आहेत. त्यांना आम्ही छायाचित्रे काढून पाठविण्याविषयी पत्र घातले. त्यांचे उत्तर एप्रिलअखेर आले. लिहितात, येथे पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला असून दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. बर्फाच्या खुणा शोधावयास पाऊस पडून गेल्यावर जाईन.